शेखर सर तिसरे आले

माझं काम सोपं आहे. दुसऱ्यानं मेहनतीनं बनवलेली वस्तू घ्यायची आणि ती कशी मोडेल ते बघायचं. हिंजवडीत याला टेस्टिंग म्हणतात. आमच्या भरे गावात याला खोडी म्हणतात, आणि लहानपणी याच कामासाठी मी आईच्या हातचा मार खाल्लाय. आता पगार मिळतो, एवढाच फरक.

गेल्या दिवाळीला तर तोही जायच्या बेतात होता. मी बेंचवर होते. बेंचवर म्हणजे कंपनी काम देत नाही, काढतही नाही, नुसतं एसीत बसवून ठेवते, आणि कॅन्टीनमध्ये लोक तुमच्याशी सुतकात असल्यासारखं हळू बोलतात. तिथनं मला शेखर सरांनी उचललं. शेखर सर आमचे डायरेक्टर. राहायला बावधनला, बोलायला अमेरिकेला.

"प्रोजेक्ट मुळशीत आहे आणि तू मुळशीची आहेस," ते म्हणाले. "यू विल गिव्ह अ लोकल टच. आणि रेश्मा, हा शेवटचा चान्स समज."

डिसेंबरात मुळशी धरणाच्या कडेच्या जंगलात ओरिएंटियरिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायची होती. नाव दातात अडकतं, खेळ साधा आहे. जंगलात ठिकठिकाणी केशरी-पांढरे झेंडे लावलेले असतात. पळणाऱ्याच्या हातात नकाशा आणि होकायंत्र देतात, आणि तो ते झेंडे ओळीनं शोधत पळतो. प्रत्येक झेंड्याला नंबराची एक डबी असते, डबीला भोक असतं, आणि पळणाऱ्याच्या बोटात काडीएवढी चिप असते. चिप भोकात घातली की टुंक वाजतं. वाजलं म्हणजे तुम्ही तिथं पोचलात. शेवटी परत आलात की चिप कॉम्प्युटरला लावायची, निकाल पडद्यावर.

पण निकाल हे त्या सिस्टीमचं शोभेचं काम झालं. तिचं खरं काम वेगळंच. आत किती गेले, बाहेर किती आले, आणि आत कोण राहिलं, हे तिनं सांगायचं. लवासाच्या अंगाच्या डोंगरात परदेशातलं एखादं पोरगं पाय मुरगाळून पडलं आणि पडदा म्हणाला ‘सगळे परत आले’, तर त्याला शोधायला कोण जाणार? मंडपवाले मंडप सोडतील, केटरर भांडी गोळा करेल, आणि ते पोरगं कारवीत बसून आपल्या देशाच्या भाषेत आईला हाक मारत राहील.

म्हणून टेस्ट ठरवताना मी सगळ्यात वर लिहिलं होतं: एक माणूस मुद्दाम जंगलात बसवून ठेवायचा आणि सिस्टीम बोंब मारते का बघायचं.

शेखर सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"इतकी निगेटिव्हिटी कशाला? पाहुणे असणार, प्रेस असणार. आपण हॅपी पाथ टेस्ट करू."

हॅपी पाथ म्हणजे सगळे शहाणे आहेत, कुणी चुकत नाही आणि लाइट जात नाही असं धरून चालायचं. असा तालुका कुठं आहे ते मला माहीत नाही, पण आमची बरीचशी सॉफ्टवेअरं तिथंच चालतात.

"सर, पण खरंच कुणी हरवलं तर?"

"हरवेल कशाला? हातात नकाशा असतो ना," सर म्हणाले, आणि माझी टेस्ट त्यांनी खोडून टाकली.

इथं दत्तादादाची ओळख करून द्यायला हवी. दत्तादादा म्हणजे सरांचा ड्रायव्हर, मूळ भुकूमचा. ऑफिसच्या गेटवर सगळ्यांना कार्ड लावून आत जावं लागतं, आणि सर काही वेळेवर येत नाहीत. मग रोज सकाळी दत्तादादा आधी स्वतः येतो, सरांचं कार्ड मशीनला लावतो, आणि मग गाडी घेऊन सरांना आणायला बावधनला जातो. एकदा सर दुबईला असतानाही त्यानं नेमानं कार्ड लावलं होतं. एचआरनं सरांना त्या महिन्यात शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र दिलं. ते त्यांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय.

टेस्टचा दिवस उजाडला. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, म्हणजे माणसांच्या लग्नांना मोकळीक झाली होती, आणि पौडच्या पुढच्या प्रत्येक मंगल कार्यालयातनं डीजेचे आवाज येत होते. आमचा तळही एका मंगल कार्यालयातच होता. कार्यालय विलासकाकांचं. काकांनी रस्त्याकडेची जमीन विकून ते बांधलंय, आणि ते फुकट दिल्यामुळं स्थानिक समितीचं अध्यक्षपद आपोआप त्यांच्याकडं आलं होतं.

मी पोचले तर लग्नाच्या स्टेजवर, जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात तिथं, लांब टेबल मांडलेलं. त्यावर माझ्या डब्या ओळीनं ठेवल्या होत्या. प्रत्येक डबीला झेंडूचा हार. गुरुजी मंत्र म्हणत होते.

"काका, हे काय हाय?"

"पूजा हाय. नवीन मशीन म्हणल्यावर पूजा नको? ट्रॅक्टर आणला तरी करतो आपण."

"तसं न्हाई काका, त्या भोकात काय घातलंय?"

काकांनी वाकून पाहिलं. "हळद-कुंकू. गुरुजी म्हणले देवाचं तोंड दिसतंय, तिथं वाहा."

डब्यांचे दोन संच आणले होते, एक वापरायचा आणि एक जादाचा, दोन्हीवर नंबर सारखेच. पूजेत जादाचा संच सापडला होता. खरा संच पहाटेच जंगलात लावून झाला होता. मी देवाचे आभार मानले आणि कान कोरायच्या काड्या घेऊन कुंकू काढत बसले. एका डबीत तर नारळाचं पाणी गेलं होतं. ती न विचारताच टुंक टुंक करत होती, देव जागा झाल्यासारखी.

तेवढ्यात शेखर सर आले. नवे कोरे पळायचे बूट, डोक्याला पट्टी, दोन्ही हातांच्या बोटांत पुष्कराज, पोवळं आणि आणखी कुठकुठले ग्रह.

"ग्रेट," ते डब्यांकडं बघून म्हणाले. "ह्या डब्या आहेतच तर पाहुण्यांसाठी एक व्हीआयपी कोर्स करू. पार्किंगमध्ये. बिचारे जंगलात कसे जातील?"

"सर, नंबर तेच आहेत. सिस्टीमला कळणार नाही डबी पार्किंगमधली का डोंगरातली."

"अगं, ते पाहुणे आहेत. त्यांना फक्त टुंक ऐकायचंय."

"पण सर—"

"रेश्मा." सरांनी माझ्या खांद्याजवळ तोंड आणलं. "चार वाजता फिनलंडच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आहे. त्या टेस्ट कशी झाली विचारतील. तू एकच शब्द बोलायचा, पास. दुसरा काही शब्द सुचला तर सोमवारी ऑफिसला यायची तसदी घेऊ नकोस."

फिनलंडच्या बाई म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेनं नेमलेल्या सल्लागार; टेस्टच्या याद्या त्यांच्याकडंही जायच्या. त्या हो म्हणाल्या तर डिसेंबरातली स्पर्धा मुळशीला, नाही म्हणाल्या तर दुसऱ्या देशाला.

व्हीआयपी कोर्स मांडला गेला. एक डबी जनरेटरला बांधली, एक तुळशी वृंदावनाला, एक आचाऱ्याच्या गॅसच्या टाकीला, बाकीच्या दुचाकींच्या आरशांना. प्रमुख पाहुणे म्हणजे माजी सभापती आबा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. त्यांनी एकेक डबी टुंक केली आणि प्रत्येक टुंकीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागं त्यांच्या मिसेस उषाताई. त्यांनी प्रत्येक डबीला आधी नमस्कार केला, म्हणून थोड्या मागं पडल्या.

मग खरी शर्यत सुटली. कॉलेजची पोरं, सैन्यातले काही जवान, आणि सगळ्यांच्या पुढं फोटोसाठी शेखर सर. सरांनी सुरुवातीच्या डबीत चिप घातली, कॅमेऱ्याकडं बघून अंगठा दाखवला, आणि मग चिप बोटातनं ओढून काढली. अंगठीवर नीट बसत नव्हती, बोट लाल झालं होतं.

"दत्ता, ही धर. बघ काय ते," असं म्हणून त्यांनी चिप दत्तादादाकडं दिली आणि पोरांमागं झाडीत शिरले. बेत असा होता की पहिल्या वळणापर्यंत जायचं, ड्रोनवाल्यानं शूटिंग घेतलं की परत यायचं. ते मला नंतर कळलं. बेत चांगला होता, फक्त ड्रोन भलत्याच माणसामागं गेला आणि सर ड्रोनमागं गेले.

मी कॉम्प्युटरपाशी येऊन बसले, तोवर तीन चिपा लागून गेल्या होत्या. पोरं एकेक करून परत येऊ लागली. पाय ओरबाडलेले, शर्ट फाटलेले, केसात कुसळं. चिप लावायची, नाव पडद्यावर. पडदा म्हणजे लग्नात नवरा-नवरी दाखवायचा एलईडी, एखाद्या भिंतीएवढा. त्यावर निकाल असा दिसत होता: पहिला नंबर, माजी सभापती आबा. दुसरा, उषाताई. तिसरे, शेखर सर. चौथा, कोथरूडच्या कॉलेजचा निषाद.

निषाद राज्यात नावाजलेला पळणारा. तो कमरेवर हात ठेवून पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, एक विचारू? पाच नंबरचा झेंडा ओढ्यापलीकडं कड्याखाली होता. आबांनी तो काठी घेऊन कसा घेतला?"

"जनरेटरवरनं," मी म्हणाले.

"मला नकाशात जनरेटर दिसलाच नाही," तो म्हणाला, आणि खाली मान घालून पोहे खायला गेला.

आबांकडं मी स्वतः गेले. म्हणाले, आबा, हा निकाल चुकून लागलाय, खोडावा लागेल. आबांनी ट्रॉफी मांडीवर घट्ट धरली.

"पोरी, मी तीन निवडणुका लढल्या. लागलेला निकाल कुणी खोडत नसतं."

बाकीचे सत्कार सुरू झाले. तिसऱ्या नंबराची शाल दत्तादादानं सरांच्या वतीनं घेतली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"दत्तादा, सरांची चिप तुमी लावली?"

"व्हय. जनरेटर, तुळस, समदं फिरलो. सायेब म्हणले बघ काय ते, मग बघितलं." त्यानं आवाज खाली आणला. "सायेब शेवटचे आले आसते तर बरं दिसलं आसतं का ताई? पयला बी यिऊ शकलो आसतो, पण आबांच्या फुडं जायाचं म्हंजे..."

"आन सर कुटं हायेत?"

"आलेत की. पडद्यावर लिवलंय."

"ते तुमी लावलंय म्हणून लिवलंय ना?"

दत्तादादा पडद्याकडं बघून थोडा विचारात पडला. मग त्याचा चेहरा पुन्हा निवांत झाला. "पर शिस्टीममधी हाय म्हणल्यावर आलेच आसतील. येशी खोलीत झोपले आसतील."

एसी खोलीला बाहेरनं कडी होती, आणि चार वाजले होते.

स्टेजवर मी लॅपटॉप उघडला. माझ्या एका बाजूला विलासकाका, नव्या टोपीत. दुसऱ्या बाजूची सरांची खुर्ची रिकामी. लॅपटॉपवर फिनलंडच्या बाई आल्या. स्वयंपाकघरात बसल्या होत्या, मागं एक कुत्रा झोपला होता. बाई इंग्रजीत बोलत होत्या, ते मी आपल्या भाषेत सांगते.

"डायरेक्टर कुठे आहेत?"

"बिझी," विलासकाकांनी मोठ्यांदा सांगितलं.

"निकाल मी ऑनलाइन पाहिला," बाई म्हणाल्या. "विजेत्याचा वेग फार चांगला आहे. कोणत्या वयोगटातले?"

"लई वरच्या," काका म्हणाले. ते मी भाषांतर केलं नाही.

"ठीक आहे. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. जंगलातून सगळे परत आले का?"

मी स्क्रीनवर पाहिलं. सिस्टीम म्हणत होती, आत कोणी नाही. एक हिरवी टिकमार्क, शेजारी हसणारा चेहरा. तो चेहरा शेखर सरांनी मुद्दाम घालायला लावला होता.

पास. एकच शब्द होता. तो बोलले असते तर सोमवार होता, त्याच्या पुढचे सोमवार होते, आणि भऱ्यात आईनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की रेश्मा फिनलंडशी बोलते. काकांचा बूट टेबलाखालनं माझ्या पायावर आला.

"सिस्टीम म्हणते सगळे आले," मी म्हणाले. "मी तसं म्हणणार नाही."

काकांचा बूट जोरात दाबला गेला. मी पाय काढून घेतला. तेवढ्यात माझा फोन वाजला. शेखर सर.

मी फोन उचलला आणि लॅपटॉपसमोर धरून स्पीकर लावला. यात चुकून झालेलं काही नव्हतं.

"रेश्मा, कॉल झाला का?" सर कुजबुजत होते, पण धापा मोठ्या होत्या. "पास म्हणालीस ना?"

"अजून चालू आहे सर."

"गुड. पास म्हण. आणि मग कुणाला तरी माझ्याकडे पाठव. एका दगडावर उभा आहे, इथेच रेंजची एक काडी येतेय. बॅटरी संपत आलीये. आणि पाठीमागे काहीतरी फुरफुरतंय."

"कुठं आहात?"

"समोर पाणी दिसतंय."

मुळशीत कुठल्याही दगडावर उभं राहिलं तरी समोर पाणी दिसतं. मी तसं म्हणाले.

"एक झाडपण आहे," सर म्हणाले.

लॅपटॉपमधनं फिनलंडच्या बाईंनी विचारलं, "हे कोण आहेत?"

मी उत्तर देणार होते, पण मग वाटलं, ते मी का द्यावं? ऑफिसात मी सरांशी नेहमी नीट, शहरी बोलते. शुद्ध बोल, क्लायंटसमोर बरं दिसतं, असं त्यांनीच शिकवलंय. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशी घरच्यासारखी बोलले.

"सर, कुणाला पाठवायचं म्हंजे कुणाला शोधायला? तुमी तर परत आलाय."

"काय?"

"तिसरे आलाय. शाल बी घेतली तुमी. पडद्यावर हाय."

"रेश्मा, वेळ कसली, चेष्टा कसली—"

"चेष्टा न्हाई. नीट ऐका. शिस्टीम पास आसंल तर तुमी हितं कार्यालयात हायेत आन तुमाला शोधायला जायाची काय गरज न्हाई. तुमी तितं दगडावर आसाल तर शिस्टीम नापास. दोन्ही काय एकदम व्हायचं न्हाई. आता तुमी सांगा, कुटं हायेत?"

पाठीमागचं फुरफुरणं आता आम्हालाही ऐकू आलं.

"तू आधी पास म्हण," सर हळू म्हणाले, "मग आपण बघू."

"मग सर, तुमी खोलीत जाऊन पडा थोडं. दमला आसाल."

"रेश्मा, मी तुला काढून टाकीन."

"टाका. पण ते बी हितं आल्यावरच टाकाल."

विलासकाकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे ते आता अध्यक्ष म्हणून बसलेले नव्हते, नुसते मजा बघत होते.

"पोरी, बरोबर बोलतीस तू," ते म्हणाले. "ओ सायेब, सांगून टाका की. गवा आसंल मागं. रानडुक्कर आसंल तर मंग लईच लवकर सांगा."

फोनमधनं आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग सरांचा, यावेळी अजिबात न कुजबुजता, आणि इंग्रजीत.

"मी जंगलात आहे."

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"मी... डायरेक्टर. स्पर्धेचा."

बाईंनी चष्मा लावला आणि त्यांच्या समोरच्या कागदावर बोट फिरवलं. "तुम्ही तिसरे आलात."

"नाही आलो," शेखर सर म्हणाले. आणि मग, आयुष्यात प्रथमच कुठल्याही प्रोजेक्टबद्दल, "टेस्ट फेल आहे."

फोन बंद पडला.

बाई उठल्या, ताटलीत काहीतरी वाढून घेतलं आणि पुन्हा येऊन बसल्या. "मी थांबते," म्हणाल्या. "ते आले की मला दाखवा."

आता सरांना आणायचं कसं? माणसं चारी वाटांनी गेली. सर आवाजाच्या रोखानं येतील म्हणून विलासकाकांनी डीजे लावायला सांगितला, आणि डीजेवाल्याला आज पहिल्यांदाच कुणी आवाज वाढव म्हणालं होतं, त्यामुळं त्यानं धरणातले मासे काठाला येतील असा वाढवला. कल्पना अगदी बिनचूक होती. सर आवाजाच्या रोखानं निघालेसुद्धा. फक्त मी सांगितलं ना, तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही कार्यालय होतं आणि तिथंही डीजे होता.

अंधार पडायच्या आधी त्या कार्यालयातनं काकांना फोन आला. तुमच्याकडचं कुणी चुकलंय का, म्हणाले. एक माणूस करवंदीच्या जाळीतनं थेट मांडवात आलाय. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा, म्हणून दोघांनीही मानपान केलाय. आता जेवायला बसलाय, आणि तिसऱ्यांदा जिलबी मागतोय.

दत्तादादा गाडी घेऊन गेला आणि सरांना घेऊन आला. सर गाडीतनं उतरले. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला गंध, हातात श्रीफळ, पँट गुडघ्यापासून उसवलेली, आणि एका पायात बूट. ते कुणाकडं न बघता एसी खोलीकडं निघाले.

मी आडवी गेले. हातात त्यांची चिप होती.

"सर, आधी टुंक."

"रेश्मा, बाजूला हो."

"तुमी चिप लावल्याशिवाय मी तुमाला आलेले धरणार न्हाई. मग ही समदी माणसं रातभर तुमाला हुडकत बसतील."

मागं निषाद आणि कॉलेजची पोरं उभी होती. आबा ट्रॉफीसकट उभे होते. लॅपटॉपमध्ये बाई उभ्या होत्या, त्यांचा कुत्राही जागा झाला होता. सरांनी दत्तादादाकडं पाहिलं. दत्तादादाचा हात सवयीनं चिपकडं गेला. मी नुसतं बघितलं, तसा त्यानं तो खिशात घातला.

मग शेखर सरांनी एकेक करून अंगठ्या काढल्या. पुष्कराज निघाला, पोवळं निघेना, तेव्हा उषाताईंनी आचाऱ्याकडनं तेल आणून दिलं. सरांनी चिप बोटात घातली आणि कॉम्प्युटरच्या डबीत खुपसली.

टुंक वाजलं नाही. सिस्टीमनं लाल अक्षरांत लिहिलं: हा स्पर्धक आधीच परत आला आहे.

"बघितलंत?" मी लॅपटॉपकडं वळून म्हणाले. "समोर माणूस उभा आहे, आणि तरी ती ऐकत नाही."

"बघितलं," बाई म्हणाल्या. "जंगलात माणूस बसवून ठेवायची टेस्ट तुमच्या यादीत आता मला दिसत नाहीये. पहिल्या यादीत होती. कुणी काढली?"

सर श्रीफळ या हातातनं त्या हातात घेत होते.

"दुसरी टेस्ट घ्या," बाई म्हणाल्या. "पार्किंगशिवाय. स्पर्धेचं काय ते मी त्यानंतर ठरवीन. आणि ही टेस्ट परत घाला. जमलं तर तोच माणूस बसवा, त्याला आता अनुभव आहे."

मी सरांच्या नावासमोर लिहिलं: जंगलात राहिला, सिस्टीमला कळलं नाही, नापास. लिहून झाल्यावर ती स्क्रीन मी सरांकडं फिरवलं. वाचून झाल्यावर त्यांनी फेटा काढला आणि खोलीत जाऊन आतनं कडी लावली.

मला काढलंय का नाही, ते मात्र कुणी सांगितलं नाही. रविवारी आई म्हणाली, तसदी घेऊ नको म्हणाले ना, मग कशाला जातीस. मी म्हणाले, तसदी ते घेतील, मी गाडीवर जातीय. सोमवारी घोटावड्यावरनं स्कूटी काढली आणि नेहमीच्या वेळेला हिंजवडीत गेटवर उभी राहिले. कार्ड लावलं. दिवा हिरवा झाला. म्हणजे अजून काढलं नव्हतं, किंवा काढायची सिस्टीमही आमच्याच कंपनीनं बनवली होती.

माझ्या मागं रांगेत दत्तादादा होता. हात रिकामे.

"कार्ड कुटंय सायबांचं?" मी विचारलं.

त्यानं हनुवटीनं मागं दाखवलं. त्याच्या मागं, ट्रेनी पोरांच्या मधोमध, शेखर सर उभे होते. गळ्यात स्वतःचं कार्ड, हातांवर करवंदीचे ओरखडे, बोटांत फक्त पोवळं. आमची नजरानजर झाली.

"गुड मॉर्निंग," सर म्हणाले. "दुसऱ्या टेस्टची यादी अकरापर्यंत पाठव."

"पाठवते सर. सगळ्यात वर काय आहे ते माहीतच आहे तुम्हाला."

ते पुढं झाले आणि त्यांनी कार्ड मशीनला लावलं. उलटं लावलं. इतक्या वर्षांत कधी लावलंच नव्हतं, कळणार कसं. मशीन लाल झालं, मागची रांग खोळंबली, आणि दत्तादादाचा हात परत खिशातनं बाहेर येऊ लागला.

"राहू द्या, दत्तादा," मी म्हणाले. "लावतील ते."